तुझं माणूस येईल

बालवाडीतून फोन आला तेव्हा सून एका आजींचा खुबा एक्स-रेच्या टेबलावर सरळ करत होती. आजी कण्हत होत्या आणि ती "झालं, झालं, आता श्वास धरा" असं म्हणत काचेमागे निघाली होती. खिशातला फोन थरथरत राहिला. फोटो निघाला, आजींना स्ट्रेचरवर घेतलं, दार उघडून दिलं, आणि मगच तिने फोन कानाला लावला.

"चिऊला न्यायला अजून कोणी आलं नाही," बालवाडीच्या बाई म्हणाल्या. "बाकी मुलं गेली. पेंटर काका बरे आहेत ना?"

पेंटर काका म्हणजे तिचे सासरे. घरात अण्णा, बाहेर पेंटर काका. बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. बालवाडीच्या भिंतीवरचा छत्री घेतलेला हत्ती आणि चष्मा लावलेलं अस्वलही त्यांचंच. बाकी पालकांना दारात कार्ड दाखवावं लागे. अण्णांना कोणी कधी कार्ड विचारलं नाही. दारावरच्या मावशी त्यांना लांबून बघूनच कडी काढायच्या.

"वाटेत असतील," सून म्हणाली.

तिने घरी फोन लावला. तो वाजत राहिला. मग नवऱ्याला लावला. तो आपल्या चष्म्याच्या दुकानात होता. "गिऱ्हाईक बसलंय माझ्यासमोर. अण्णा थांबले असतील कुणाशी बोलत. तू बघ ना," म्हणून त्याने ठेवून दिला. तिने शेजारच्या खोलीतल्या सोनोग्राफीवालीला हाका मारल्या, एप्रन तिच्या हातात कोंबला आणि टॅक्सी पकडली.

अर्ध्या वाटेत पुन्हा फोन आला. बाईंचा आवाज आता वेगळाच होता.

"चिऊ इथेच आहे, ठीक आहे. पण आमची एक मुलगी सापडत नाहीये. तिची आई आलीय. तुमच्याकडून कुणी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

सुनेने टॅक्सी घराकडे वळवायला सांगितली. का सांगितली ते तिला पुढेही कधी कुणाला समजावता आलं नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात अण्णा चाकूने केळ्याच्या चकत्या करत होते. सगळ्या सारख्या, एकाच जाडीच्या. पाटीवरची अक्षरं आखावीत तशा. समोरच्या खुर्चीवर दोन उशा रचून एक मुलगी बसली होती. बालवाडीचाच गणवेश, नुकत्याच घातलेल्या दोन वेण्या, आणि हातात चिऊचा चमचा.

"आलीस?" अण्णा म्हणाले. "आज लवकर सुटलीस. बस, तुलाही देतो."

"अण्णा, ही कोण?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि थट्टा चाललीय असं समजून हसले. "कोण म्हणजे काय? शाळेतून आणली. भूक लागली होती पोरीला."

"चिऊ कुठे आहे?"

"चिऊ," अण्णांनी नाव तोंडात घोळवून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग ते मुलीकडे वळले. "हळू खा गं छकुले, ठसका लागेल."

"काकू, हे आजोबा वेणी घट्ट घालतात," ती मुलगी म्हणाली. "दुखत पण नाही."

सुनेने बालवाडीत कळवलं आणि मुलीला कडेवर घेतलं. अण्णा लगबगीने उठले. "कुठे नेतेस तिला? अजून दूध प्यायची आहे." ते चपला न घालता जिन्यापर्यंत मागे आले. तिने त्यांना दंडाला धरून आत नेलं, बाहेर आली आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदाच सासऱ्यांवर बाहेरून कडी घातली. ती जिना उतरेपर्यंत आतून टकटक ऐकू येत होती. जोराची नव्हती. पाहुणा दुसऱ्याच्या दारावर करतो तसली.

बालवाडीच्या पॅसेजमध्ये त्या मुलीची आई फरशीवर बसली होती. मूल हातात आल्यावर तिने आधी तिचे हात, पाय, पोट, पाठ, सगळं चाचपून बघितलं. वडील भिंतीला टेकून उभे होते. ते एवढंच म्हणाले, "उद्या बसू. घरातल्या सगळ्यांना घेऊन या."

चिऊ बाकावर होती. मांडीवर दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली. इतर दिवशी आईला बघून पळत येणारी पोर जागची हलली नाही.

"आजोबा विसरले गं," सून तिला जवळ घेत म्हणाली.

चिऊने नाही म्हणून मान हलवली. 

*

नणंदेला बोलावलं ते सुनेनेच, नवऱ्याला न विचारता. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात, दवाखान्यातून घरी न्यायचं की नाही यावरून बहीणभावात जे झालं होतं, त्यानंतर दोघं कामापुरतंच बोलत. ताई सकाळच्या बसने आल्या. परगावच्या एका वृद्धाश्रमात त्या नर्स होत्या, आणि रात्रपाळी करून तशाच निघालेल्या दिसत होत्या. पांढरे बूटही बदलले नव्हते.

"तू कशाला आलीस?" भावाने विचारलं.

"घरातल्या सगळ्यांना बोलावलंय ना," ताई म्हणाल्या. "मी घरातली आहे की नाही ते तिथे गेल्यावर ठरवू."

मुख्याध्यापिकांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या, म्हणून वर्गातल्या दोन लहान खुर्च्या आणल्या होत्या. नवरा त्यातल्या एकीवर गुडघे छातीशी घेऊन बसला. ताई मागे भिंतीपाशी उभ्या राहिल्या.

"मूल सुखरूप आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आधी ते लक्षात ठेवू, आणि मग शांतपणे बोलू."

"ती सुखरूप आहे ते तुमच्यामुळे नाही," मुलीचे वडील म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यामुळेच सुनेला त्यांची जास्त भीती वाटली. "मला एकच विचारायचंय. तो माणूस ठीक नाही हे तुम्हाला माहीत होतं का?"

"नाही," नवरा लगेच म्हणाला.

"आणि तुम्हाला?"

सुनेने उत्तर रात्रीच तयार ठेवलं होतं. "वयाप्रमाणे थोडं विसरतात. बाकी काही नाही."

बालवाडीच्या बाई वयाने लहान होत्या. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते. त्यांनी घसा साफ केला. "मागे एकदा चिऊ मला म्हणाली होती. आजोबा मला घरी नेत नाहीत, मीच आजोबांना नेते. कुठे वळायचं ते मी सांगते, आईने शिकवलंय. मला वाटलं, लाडात येऊन बोलतेय. वर्गात आम्ही तिच्यासाठी टाळ्यासुद्धा वाजवल्या."

 सुनेला मागे न बघताही कळलं की ताईंची नजर तिच्या मानेवर आहे.

खरं होतं ते. दोन-तीनदा उशीर झाला होता. एकदा अण्णा चिऊला घेऊन थेट मासळीबाजाराच्या टोकाला पोचले होते. तेव्हा तिने एका रविवारी चिऊला वाट पाठ करून घेतली होती. शिंप्याच्या दुकानाशी डावीकडे, पिवळ्या इमारतीशी उजवीकडे. आजोबांचा हात सोडायचा नाही. आणि हे आपलं दोघींचं गुपित, बाबांना सांगायचं नाही.

"मला वेगळंच विचारायचंय," मुलीची आई म्हणाली. इतका वेळ ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत गप्प होती. "माझी मुलगी म्हणते, त्या आजोबांनी दारातून हाक मारली, छकुली. म्हणून ती गेली. पण हजेरीत तिचं ते नाव नाही. शाळेत कोणाला माहीत नाही. ते फक्त आमच्या घरातलं नाव आहे. त्यांना कसं कळलं? किती दिवस ते माझ्या मुलीवर नजर ठेवून होते?"

"म्हणूनच मी पोलिसांत जाणार आहे," वडील म्हणाले. "विसरणारा माणूस असं नाव लक्षात ठेवत नाही."

  काल सुनेने ते नाव ऐकलं होतं, पण तिला वाटलं होतं की मुलीनेच सांगितलं असेल. आता तिच्या मनात, क्षणभर का होईना, एक इतका घाणेरडा विचार येऊन गेला की तिने पदराने तोंड पुसलं.

"ते माझं नाव आहे," ताई मागून म्हणाल्या.

सगळे वळले.

"मला घरात छकुली म्हणायचे. हा जन्मायच्या आधी." त्यांनी भावाकडे मान वळवली. "हा झाला आणि मी ताई झाले. आई होती तोवर ते नाव तिघांना माहीत होतं. आता दोघांना. मला आणि त्यांना."

"मला कधी कोणी..." नवरा म्हणाला.

"तुला कशाला सांगतील?" ताई मुलीच्या आईसमोर आल्या. "ते तुमच्या मुलीला न्यायला आले नव्हते हो. मला न्यायला आले होते. त्यांनी हाक मारली आणि तुमच्या मुलीने ओ दिली. तिची काहीच चूक नाही."



"मी लहान असताना ते एकदाही आले नाहीत शाळेत," ताई म्हणाल्या. डॉक्टरला पेशंटची हकीकत सांगावी तशा आवाजात. "दिवसभर शिडीवर असायचे. मी शेजारच्या मुलींबरोबर यायचे. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. त्यांना वाटत होतं, हे आत्ता कळलं."

मुलीच्या वडिलांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि पुन्हा वर पाहिलं. "मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतंय," ते म्हणाले. "पण काल माझी बायको बाहेर फरशीवर बसून जे ओरडत होती ते मी ऐकलंय. ते माझ्या कानातून जाणार नाही."

"जाऊ नये," ताई म्हणाल्या.

पोलिसांचं मागे पडलं. यापुढे चिऊला आईनेच किंवा वडिलांनीच न्यायचं, आणि अण्णांनी फाटकापाशीही यायचं नाही, असं ठरलं. निघताना मुख्याध्यापिका नवऱ्याला हळू आवाजात म्हणाल्या, "भिंतीचं मनाला लावून घेऊ नका. सुट्टीत आम्ही ती रंगवून घेणारच होतो."

*

घरी येऊन कोणी कुणाला पाणी विचारलं नाही. चिऊला शेजारच्यांकडून आणून टीव्हीसमोर बसवलं. अण्णांच्या खोलीला कडी होती. थोड्या थोड्या वेळाने आतून आवाज यायचा, "सूनबाई, शाळेची वेळ झाली का?" आणि सून म्हणायची, "नाही अण्णा, अजून आहे." तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसली.

"तुझ्या आश्रमात घे त्यांना," नवरा म्हणाला.

"नाही," ताई आणि सून एकदमच म्हणाल्या.

"मी रजा काढते," सून म्हणाली. "बिनपगारी. चिऊला मी आणेन, अण्णांनाही मी बघेन. त्यांना माणसांतून उठवून कुठे न्यायचं नाही. आई गेल्यावर त्यांनी मला कधी स्वयंपाकघरात एकटं पडू दिलं नाही. चिऊ तान्ही असताना रात्र रात्र खांद्यावर घेऊन फिरवली आहे."

"आणि रजा संपल्यावर?"

"संपल्यावर बघू."

"माझ्या आश्रमाबद्दल मला विचारा ना," ताई म्हणाल्या. "तिथे कोणी मारत नाही. जेवण वेळेवर असतं. चादरी आमच्या घरापेक्षा स्वच्छ. पण तिथे पाट्या रंगवणारा माणूस येत नाही, खिडकीकडचा पलंग येतो. मीसुद्धा तसंच म्हणते. खिडकीकडच्या पलंगाला औषध दिलं का गं, असं. मी त्यांना तिथे ठेवणार नाही."

"मग बोलायला सोपं आहे तुला," नवरा म्हणाला. "तू संध्याकाळच्या बसने जाशील. त्या दोघांसमोर खाली मान घालून मी बसलो होतो, त्या एवढ्याशा खुर्चीवर."

"खाली मान घालून खोटं बोललास."

"मला माहीत नव्हतं."

"खरंच?"

नवरा टेबलावरच्या तेलाच्या डागाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कोणत्या तोंडाने सांगू? पावसाळ्यात एकदा ते दुकानापाशी आले होते. बाहेर उभे. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते, माझ्या मुलाचं चष्म्याचं दुकान कुठे आहे. पाटी डोक्यावर होती. त्यांनीच रंगवलेली. मी काचेतून बघत होतो. लगेच बाहेर गेलो नाही. गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?" सून म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू घाबरून नोकरी सोडली असतीस."

"मी तुला नाही सांगितलं," सून सावकाश म्हणाली, "कारण तू मला नोकरी सोडायला लावली असतीस."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि दोघांनी एकच गोष्ट एकाच घरात एकमेकांपासून लपवली होती, जवळजवळ एकाच कारणासाठी.

"म्हणजे दोघांनाही माहीत होतं," ताई म्हणाल्या. "आणि तुम्ही अण्णांना पाच वर्षांच्या पोरीच्या हाती सोपवलंत. रस्ता ओलांडताना कोण कुणाचा हात धरत होतं, तेवढं तरी सांगा मला."

नवरा उठून खिडकीपाशी गेला. सून म्हणाली, "तुम्ही तरी किती वेळा आलात, ताई? महिन्यातून एकदा फोन. अण्णा म्हणायचे, बरा आहे, आणि तुम्ही म्हणायचात, बरं. तुम्ही नर्स आहात. तुम्हाला आवाजावरून कळलं नाही?"

"कळलं होतं," ताई म्हणाल्या.

 आतून पुन्हा विचारणा झाली, शाळेची वेळ झाली का. या वेळी कोणी उत्तर दिलं नाही.

चिऊ पाणी प्यायला आली होती. ती दारात उभी होती. केव्हापासून, ते कुणाला कळलं नाही.

"आई, आजोबा विसरले नव्हते," ती म्हणाली.

"ये, पाणी देते."

"ते वेळेवर आले होते. मी पळत गेले. त्यांचा हात धरला."

सुनेच्या हातातला पेला तसाच राहिला. "गर्दीत दिसली नसशील तू त्यांना."

"दिसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं." चिऊ एकेक शब्द नीट लावत होती, बालवाडीत गोष्ट सांगायला उभं करतात तशी. "म्हणाले, तू नव्हेस बाळ. माझी वेगळी आहे. मी म्हटलं, आजोबा मी चिऊ. तर म्हणाले, हो का, छान नाव आहे. तू इथेच थांब हं, रडायचं नाही. तुझं माणूस येईल. मग माझ्या बाटलीचा पट्टा मुडपला होता तो त्यांनी सरळ केला, आणि छकुलीला घेऊन गेले."

"तू बाईंना का नाही सांगितलंस?" नवरा खिडकीपाशून म्हणाला. 

"ते म्हणाले ना, तुझं माणूस येईल. म्हणून मी थांबले." चिऊने आईच्या हातातून पेला घेतला, दोन घोट पाणी प्याली आणि विचारलं, "आता मी आजोबांची कोण?"

तिला जवळ घ्यायला ताई उठल्या, पण सून आधी पोचली. तिने चिऊचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं.  मग चिऊच्या डोक्यावरून नणंदेकडे बघत म्हणाली, "ताई, तुमच्याकडे जागा आहे का?"

"अगं, आत्ताच तर तू..."

"आहे का?"

"नाही, थांब," नवरा म्हणाला. आता तोच रडत होता. "काहीतरी करू आपण. बाई ठेवू. मी दुकान अर्धा दिवस..."

"ती रोज त्यांच्यासमोर जाईल," सून म्हणाली. "रोज सकाळी उठून आधी त्यांच्या खोलीत जाते ती. रोज बघेल, आज ओळखतात का. मला नाही बघवणार. मी वाईट आहे म्हण. मी त्यांना सांभाळलं असतं, सगळं उपसलं असतं त्यांचं. हे नाही मला जमणार."

ताईंनी टेबलावरच्या आपल्या हाताची मूठ वळली. "खिडकीकडचा पलंग परवा रिकामा झालाय," त्या म्हणाल्या.

*

अण्णांना नेलं तेव्हा त्यांनी त्रास दिला नाही. एखाद्या कामावर जायचं आहे असं त्यांना वाटलं. भिंत केवढी आहे, ओल तर नाही ना, असं वाटेत विचारत राहिले. पहिले काही आठवडे नवरा दर सुट्टीला जाऊन यायचा. मग एक आड एक. सुनेने पाळ्या बदलून घेतल्या. चिऊला आता दोघांपैकी एक जण आणायचा, दारात कार्ड दाखवून. बालवाडीची भिंत एकसारखी आकाशी झाली होती.

चिऊ एकदाही आश्रमात गेली नव्हती. "यायचं का?" विचारलं की नाही म्हणायची, आणि कोणी आग्रह करायचं नाही. आश्रमात घरच्यांना बोलावण्याचा दिवस आला तेव्हा ती आपणहून म्हणाली, "मी पण येते." सकाळी आईपुढे फणी घेऊन बसली. एक वेणी नको, दोन घाल, म्हणाली. सुनेने घातल्या. दोन वेण्या मागायला काय, सगळ्याच मुली मागतात.

दिवाणखान्यात खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या. घरचे लोक आपापल्या म्हाताऱ्यांशेजारी बसून मोठ्या आवाजात बोलत होते. अण्णा खिडकीपाशी होते. बारीक झाले होते, दाढी मात्र गुळगुळीत. ती ताई रोज स्वतः करायच्या. ताई गणवेशात दारापाशी उभ्या होत्या. भाऊ आणि भावजय आत आल्यावर त्या नुसतं म्हणाल्या, "आज बरे आहेत. पण कोणाला नावाने हाक मारायला लावू नका."

"तुम्हाला ओळखतात?" सुनेने विचारलं.

"मला बाई म्हणतात. दुपार झाली की येतात, आणि रजा मागतात. बाई, सोडा ना, पोरीची शाळा सुटायची वेळ झाली, पोर एकटी उभी असेल." ताईंनी खिशातला थर्मामीटर उगाच काढून पुन्हा ठेवला. "सुरुवातीला मी सांगायचे, अण्णा, मीच ती. तर घाबरायचे. आता सांगते, आज सुट्टी आहे."

नवरा पुढे होऊन वडिलांच्या पाया पडला. अण्णांनी त्याला आशीर्वाद दिला आणि चष्म्याची दांडी सैल झाली आहे, कोणी चांगला माणूस माहीत आहे का, असं विचारलं. "आहे," नवरा म्हणाला. त्याने तिथेच चष्मा काढून घेतला आणि खिशातल्या बारीक पेचकसाने दांडी आवळू लागला. स्क्रू दोनदा निसटला.

सुनेने चिऊचा हात धरला होता. तो केव्हा सुटला ते तिला कळलं नाही. चिऊ चालत खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली, थोडं अंतर ठेवून. अण्णांनी चष्म्याविना डोळे बारीक केले.

"आजोबा," असं म्हणून ती थांबली, आणि चुकलेलं गिळून टाकून म्हणाली, "अण्णा, मी छकुली. शाळा सुटली."

सुनेच्या तोंडून हाक निघणार होती. ताईंनी तिचं मनगट घट्ट पकडलं. अडवायला धरलं की आधाराला, दोघींनाही सांगता आलं नसतं.

अण्णांचा चेहरा असा उजळला, की इतक्या वर्षांत त्या घरातल्या कोणी तो तसा पाहिला नव्हता. ते उठले. काठी विसरले. "किती वेळ उभी होतीस गं?" ते म्हणाले. "मला सोडतच नव्हते ही माणसं. रडलीस का?"

"नाही."

"शहाणी माझी ती." त्यांनी तिच्या वेण्या सारख्या केल्या, दोन्ही खांद्यांवरून पुढे घेतल्या, आणि तिचा हात धरला. दारापाशी आल्यावर ते ताईंसमोर थांबले, अदबीने, थोडेसे वाकून. "येतो हं बाई. मुलगी भेटली."

ताईंनी दार उघडून धरलं. "या," त्या म्हणाल्या.

पॅसेज लांब होता आणि त्याच्या टोकाचं दार कायम कुलूपबंद असे. दोघं हातात हात घालून तिथवर गेली. अण्णांनी कडी हलवून बघितली, मग चिऊकडे पाहिलं. चिऊ म्हणाली, "इथून नाही अण्णा. मागे वळायचं. मी सांगते," आणि त्यांना घेऊन परत यायला निघाली.